घशातला बुद्ध

"मिडलवेट म्हणजे आपल्याकडे उंच वाढलेली मुलगी," इनुझुका वस्ताद म्हणायचे. "रूप आहे, गुण आहेत, पण जोडीचा कुणी सापडत नाही."

माझा धाकटा भाऊ रियोजी यावर हसायचा आणि पुन्हा पोत्याला ठोसे मारायला लागायचा. आमच्या देशात माणसं लहान चणीची. साडेबहात्तर किलोच्या गटात लढणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. वस्तादांच्या बॉक्सिंगच्या तालमीतल्या हलक्या पोरांना एकामागून एक लढती मिळत. रियोजीला वर्षाकाठी एखादी, तीही बुसानला नाहीतर बँकॉकला जाऊन. बाकी सगळं वर्ष सराव. सरावाला समोर माणूस हवा, आणि त्याच्या वजनाचं तर कुणीच नाही. मग वस्ताद मिळेल तो उभा करायचे. साकाईच्या बंदरात उतरलेला एखादा धिप्पाड रशियन खलाशी, सुमो सोडून आलेली पोरं, कोणीही. लढतीत खाल्लेले ठोसे पेपरवाले छापतात. सरावात खाल्लेले कुठे लिहिलेले असतात?

आई गेली तेव्हा रियोजी सात वर्षांचा होता आणि मी सोळाची. बाबा खाली दुकानात तातामीच्या चटया शिवत बसायचे, मी वर स्वयंपाक करायचे. पुढे गल्लीच्या टोकाला असलेल्या सार्वजनिक न्हाणीघरात मला गल्ल्यावर काम मिळालं, ते अजून आहे. रियोजीची पहिली व्यावसायिक लढत ठरली त्या सकाळी मी फुदो देवाच्या देवळात गेले आणि तो देशाचा विजेता होईपर्यंत चहा सोडला. घरी आल्यावर त्याला सांगितलं.

"अगं ताई, चहा कशाला सोडलास? मुळा सोडायचा, तुला आवडत तरी नाही."

"न आवडणारं सोडलं तर देव फसतो होय?"

"म्हणजे आता मला घाईने जिंकायला हवं. नाहीतर जन्मभर तू पाहुण्यांसमोर कोमट पाणी पीत बसशील."

तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. देशाच्या पट्ट्यासाठी त्याला पहिली लढत मिळाली ती तिशीत, आणि ती तो केसाएवढ्या फरकाने हरला. पुन्हा संधी मिळायला सहा वर्षं गेली. मधे एका विजेत्याने खेळ सोडला, एकाचं लग्न झालं, एक वजनाने वरच्या गटात गेला. दर वेळी वस्ताद सांगायचे, "पुढच्या वर्षी." आमच्याकडे सदतीस पूर्ण झाली की लढण्याचा परवाना संपतो. रियोजीची नोव्हेंबरात सदतीस पूर्ण होणार होती आणि लढत सप्टेंबरअखेर ठरली होती. यानंतर पुढचं वर्ष नव्हतंच.

त्या वसंतात तो काड्या सोडून चमच्याने जेवायला लागला होता. भात, मासा, शेवयासुद्धा. मी बघितलं तर म्हणायचा, "पटापट जातं गं." बटणांचे शर्ट त्याने कपाटात मागे सारले आणि डोक्यातून घालायच्या बनियनींवर आला. संध्याकाळी बोलताना त्याची जीभ जड व्हायची, दमलेल्या माणसाची होते तशी. मी दोनदा डॉक्टरांचं नाव काढलं. "बॉक्सिंग मंडळाच्या डॉक्टरांनीच तपासलंय," तो म्हणाला. "मेंदूचा फोटो काढला, एका पायावर उभं केलं. सगळं स्वच्छ." ते खरंच होतं. फोटो मीही पाहिला. मला त्यातलं काही कळलं नाही, पण खाली शिक्का होता.

बाबांनी पंधरा वर्षांत त्याची एकही लढत पाहिली नव्हती. "माझ्या पोराला कोण कसं मारतंय ते बघायला तिकीट काढू?" असं म्हणायचे. पण रियोजी घरी आला की त्याचे तळहात आपल्या मांडीवर घेऊन तासभर चोळत बसायचे. या लढतीचं कळल्यावर म्हणाले, "या वेळी येतो. हरलास तर परत येताना तुझ्याशी बोलणार नाही, जिंकलास तरी बोलणार नाही. गाडीत मला झोप लागते." आणि ऑगस्टच्या एका दुपारी, अर्धी शिवलेली चटई मांडीवर घेऊन, बाबा दुकानात बसल्या जागी गेले. सुई हातातच होती.

सुतकात आमची तोकिए आत्या साकाईच्या पलीकडून आली आणि घराचा ताबा घेतला. रियोजी एकुलता एक मुलगा, तेव्हा सगळे विधी त्याच्याकडे. प्रेतापाशी बसून रात्र काढली, पाहुण्यांसमोर वाकला, सगळं नीट केलं. फक्त पुढच्या महिन्यातली लढत होणार आहे हे आत्याला कळलं आणि ती पेटली.

"बाप जाऊन महिना उलटतो न उलटतो तोच हा मारामाऱ्या करणार! मासळी खायची नाही या दिवसांत, आणि माणूस बडवलेला चालतो?"

"बाबा येणार होते बघायला," रियोजी म्हणाला. "जिंकलो की पट्टा आणून त्यांच्या फोटोपुढे ठेवतो. मग बोल काय बोलायचं ते."

"बोलेन तर. सोडते की काय?" आत्या म्हणाली, आणि डोळे पुसत भाताचे गोळे वळायला बसली. त्यातला सगळ्यात मोठा तिने त्याच्याच हातात दिला, आणि त्याने तो दोन्ही हातांनी धरून खाल्ला.

दहनघरात आम्ही अकरा जण होतो. इनुझुका वस्तादही काळ्या सुटात आले होते. सूट जुना, पोटावर बसत नव्हता. भट्टीतून पत्रा बाहेर आला. बाबा एवढे थोडे उरले होते. तिथला माणूस पांढरे हातमोजे घालून, अगदी हळू आवाजात, हे पायाचं, हे गुडघ्याचं, असं दाखवत होता. मग त्याने काड्या पुढे केल्या.

हाड दोघांनी मिळून उचलायचं असतं. एकाची काड्यांची जोडी एका बाजूने, दुसऱ्याची दुसऱ्या बाजूने, आणि तसंच अलगद नेऊन कलशात ठेवायचं. त्यामुळेच लहानपणी ताटातल्या एकाच घासाला दोघांच्या काड्या लागल्या की आत्या हातावर फटका मारायची. पायांपासून सुरुवात करतात, म्हणजे कलशात माणूस सरळ बसतो, उलटा होत नाही.

रियोजी काड्या घेईना.

"मनगट मुरगळलंय सरावात," तो म्हणाला. "ताई आणि आत्या उचला."

"मेल्या, मुलगा तू," आत्या कुजबुजली, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं. "तू नाही उचलणार तर काय शेजारचा उचलणार? अख्ख्या जगाला ठोसे मारत फिरतोस, आणि बापाचं हाड जड झालं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं तो रडवेला झाला आहे, म्हणून मी जवळ जाऊन त्याच्या समोर उभी राहिले. पायाचं हाड आम्ही दोघांनी उचललं. खरं तर मीच उचललं. त्याच्या काड्या नुसत्या टेकल्या होत्या, आणि त्या टेकलेल्या काड्यांमधून माझ्या हातात एक थरथर येत होती, बारीक, न थांबणारी, शिवणयंत्रावर हात ठेवल्यासारखी. दुसऱ्या हाडालाही तसंच. मग आम्ही मागे सरलो, बाकीच्यांनी जोडीजोडीने उचललं. रियोजीने हात पाठीमागे बांधले.

शेवटचं हाड घशाचं. ते बसलेल्या बुद्धासारखं दिसतं. खांदे, डोकं, मांडीवर जुळवलेले हात, सगळं. ते सगळ्यात जवळच्या माणसाने उचलायचं आणि लहान कलशात वेगळं ठेवायचं. "फार सुरेख राहिलंय," तिथला माणूस म्हणाला. "क्वचितच असं अखंड राहतं." त्याने ते आपल्या हातमोज्यावर घेऊन सगळ्यांना दाखवलं आणि परत पत्र्यावर ठेवलं.

"या," तो रियोजीला म्हणाला.

मी माझी बाजू धरली होती. रियोजीने आपल्या काड्या आणल्या आणि त्या पत्र्यावर वाजायला लागल्या. टक टक टक टक. त्या दहनघरात तो आवाज फार मोठा झाला. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. आवाज थांबेना. हाड वर आलं, पत्र्याच्या कडेपर्यंत आलं, आणि त्याची काडी माझ्या काडीवर आपटली.

ते फरशीवर पडलं. वाटाणा पडावा एवढाच आवाज झाला, आणि बुद्धाचं डोकं एकीकडे, मांडी एकीकडे झाली.

आत्या ओरडली नाही. आत्या ओरडली असती तर बरं झालं असतं. रियोजी गुडघ्यांवर बसला आणि हातानेच, उघड्या बोटांनी, जे कुणी कधी करत नाही, ते दोन तुकडे गोळा करायला लागला. बोटांत येत नव्हते. तळहात पालथा घालून त्याने ते फरशीवरून स्वतःकडे ओढले, लहान मूल सांडलेलं ओढतं तसे. "बाबा, बाबा," असं तो पुटपुटत होता. तिथल्या माणसाने तोंड फिरवलं. मी त्याच्या ओंजळीखाली माझी ओंजळ धरली.

वस्ताद मागे उभे होते. त्यांची नजर हाडाकडे नव्हती. ते त्याच्या हातांकडे बघत होते.

बाहेर गाड्या लावतात तिथे त्यांनी त्याला गाठलं. माझ्या मांडीवर दोन्ही कलश होते, मी गाडीत बसले होते आणि काच खाली होती.

"कधीपासून?" वस्तादांनी विचारलं.

"काय कधीपासून? बाप जळलाय माझा, वस्ताद. हात थरथरणार नाही तर काय?"

"मी कधीपासून ते विचारलं."

"हातमोजे घातले की काही होत नाही. तुम्ही स्वतः पॅड धरता. कमी झालाय माझा ठोसा? सांगा. ठोशाला काय काड्या धराव्या लागतात?"

"मूठ वळते तुझी, ते मला माहीत आहे," वस्ताद म्हणाले. "उघडते का, ते बघतोय."

रियोजीने गाडीच्या टपावर मूठ आपटली. माझ्या मांडीवरचे कलश हलले. तो लगेच वाकून खिडकीतून म्हणाला, "सॉरी, ताई." मग वस्तादांकडे न बघता पलीकडच्या दाराने गाडीत बसला.

सातव्या दिवशी भिक्षू सूत्रं म्हणून गेल्यावर वस्ताद आले. उदबत्ती लावली, बाबांच्या फोटोपुढे बराच वेळ वाकून राहिले. मग माझ्यासमोर मांडी न घालता, पाय दुमडून, नीट बसले. वस्ताद असे बसलेले मी पूर्वी पाहिले नव्हते. रियोजी पलीकडच्या खोलीत होता आणि मधलं सरकतं दार उघडं होतं.

"यासुएताई," ते म्हणाले, "डॉक्टरांनी याला पास केलंय. पोस्टरं छापून झालीत. मी थांबवलं तर तालमीतले सगळे म्हणतील, म्हातारा एका हाडाला घाबरला. तेव्हा मी तुम्हाला विचारतो. घरी तुम्ही याला बघता. त्या दिवशीचं दुःखाने झालं असं तुम्ही म्हणालात, तर मी मानेन. ही लढत होईल."

पलीकडे रियोजीची हालचाल बंद झाली.

आदल्या रात्री तो माझ्यापाशी येऊन बसला होता. "वस्ताद तुझं ऐकतात," तो म्हणाला होता. "एवढंच सांग, की मी रडत होतो म्हणून पडलं. आणि रडतच होतो ना मी? खोटं कुठे आहे त्यात?" मी काही बोलले नाही. त्याने माझं गप्प राहणं हो समजलं, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि झोपायला गेला.

रोज सकाळी मी देवापुढे दहा नेम म्हणते. आई म्हणायची म्हणून मी म्हणते. खोटं बोलणार नाही, हा त्यातला एक आहे, पण त्या क्षणी मला तो नेम आठवला नाही. मला त्याच्या तळहाताखाली फरशीवर घासत येणारे ते दोन तुकडे दिसत होते.

"वसंतापासून तो चमच्याने जेवतो," मी म्हणाले. "बटणं लावता येत नाहीत. संध्याकाळी शब्द जड होतात. दुःखाने नाही झालं, वस्ताद."

वस्तादांनी मान खाली घातली.

रियोजी दारात येऊन उभा राहिला. मला वाटलं तो ओरडेल. तो अगदी हळू बोलला.

"पंधरा वर्षं मार खाल्ला मी. पंधरा वर्षं. आणि तुला एक वाक्य बोलता आलं नाही."

"रियोजी, बस इथे," वस्ताद म्हणाले.

"तुम्ही बसा. तुम्हाला पोस्टरवर दुसऱ्याचा फोटो चिकटवायचा असेल." मग माझ्याकडे वळून, "तुझं पुण्य राहिलं ना जागेवर? झालं तर मग."

तो जिना उतरून गेला. मी उठायला लागले तेव्हा वस्तादांनी हाताने मला थांबवलं. तेही रडत होते, आणि त्यांना रुमाल सापडत नव्हता. मी त्यांना चहा केला. काय करावं ते सुचेना म्हणून केला.

त्याच्या जागी नागोयाच्या एका पोराला घेतलं. वजनाने एक गट खालचा, वय चोवीस. हे मी पेपरात वाचलं. रियोजी माझ्याशी बोलला नाही. घरातच होता, पण आपलं जेवण आपण करून घ्यायचा, तेही फार थोडं. भर उन्हात रबरी कोट घालून बंदराच्या रस्त्याने पळायचा. गल्लीतल्या बायका मला म्हणायच्या, "अगं, तो तसा पळतोय, त्याला सांग ना काही." मला वाटायचं, राग पळून काढतोय, काढू दे. त्याचे गाल आत गेले. ओठ फुटले. मी पाण्याचा तांब्या त्याच्या खोलीबाहेर ठेवायचे आणि तो सकाळी तसाच भरलेला मिळायचा. मला वाटलं, बापाचा शोक आहे. मी सुतकाचे सगळे दिवस बाबांपुढे रोज पाणी बदलत राहिले आणि त्याच्या दारातलंही.

लढतीच्या आदल्या दिवशी दुपारी मी न्हाणीघरातल्या बायकांच्या बाजूच्या फरश्या घासत होते. उघडायला वेळ होता. मागच्या दाराने तो आला. मी दचकून उभी राहिले, कारण एवढ्या आठवड्यांत तो माझ्या समोर असा येऊन उभा राहिलेला नव्हता.

त्याने बनियन काढली, पायजमा काढला, चड्डीवर उभा राहिला. आमच्या दारापाशी भिंतीला जुना काट्याचा वजनकाटा आहे. त्यावर चढला. फासळ्या दिसत होत्या, पोट पाठीला लागलेलं, आणि खांदे तसेच, पंधरा वर्षं कमावलेले.

"वाच," तो म्हणाला.

तेव्हा मला समजलं. पलीकडे ओसाकात त्याच वेळी विजेता आणि ते नागोयाचं पोर वजन द्यायला मंडळाच्या काट्यावर चढत होते.

मी ब्रश खाली ठेवला, हात पुसले आणि जवळ गेले. काटा थोडा हलला आणि थांबला.

"साडेबहात्तर," मी म्हणाले.

"मोठ्याने म्हण ना. तिथे मोठ्याने म्हणतात."

"साडेबहात्तर!"

फरश्यांच्या त्या खोलीत माझा आवाज भिंतीवर आपटून परत आला. माझा आवाज एवढा मोठा होतो हे मला माहीत नव्हतं. रियोजीने दोन्ही हात वर उचलले, कोपरात वाकवले, मुठी वळल्या, हनुवटी वर केली. ते तिथे करतात तसं. समोर कपडे ठेवायच्या रिकाम्या टोपल्यांची रांग होती आणि भिंतीवर रंगवलेला फुजी पर्वत.

मी टाळ्या वाजवायला हात वर नेले आणि तसेच खाली घेतले. त्याच्या मुठी घट्ट होत्या, अजिबात हलत नव्हत्या. तो खरंच जिंकला असता का, हे मला आजही ठाऊक नाही. वजन मात्र त्याने बरोबर केलं होतं.

"उतर आता," मी म्हणाले. "रियोजी, खाली ये. पेज करते तुला."

"थांब जरा," तो समोर बघत म्हणाला. जीभ जड होती. "फोटो काढतायत."

बाहेर गल्लीतल्या म्हाताऱ्या येऊन बसल्या होत्या, नेहमीसारख्या वेळेच्या आधी. एकीने परात दारावर वाजवली. "यासुए, अगं झोपलीस की काय?" दुसरी हसली.

मी दार उघडलं नाही. काट्यापाशी, त्याच्या बाजूला, फोटोत येणार नाही अशी उभी राहिले.